सम्राट शून्यनाथाचे हरवलेले सात मिलिमीटर

आमच्या दारावरच्या पाटीवर एकूण नऊ ओळी आहेत. पहिली मामाच्या नावाची. पुढच्या सहा त्याच्या गुणांच्या: 'रहस्यभेदक', 'सूक्ष्म निरीक्षक', 'तर्कसम्राट', 'निर्भीड', 'गुप्ततेची पूर्ण हमी' आणि 'संशय आमचा, निश्चिंती तुमची'. आठवी ओळ भेटीच्या वेळेची. नववी मामीने खडूने लिहिलेली: 'बेल बंद आहे, दार वाजवा.' यांपैकी पडताळून पाहता येण्याजोगं विधान फक्त नववं. मी पडताळलं आहे. बेल बंद आहे.

"माझं वर्णन करताना हात आखडू नकोस," मामाने मला बजावून ठेवलं आहे. "भव्य कपाळ लिही. भेदक नजर लिही. मांजरासारखी चाल लिही."

यातलं काहीच खोटं नाही. कपाळ भव्य आहे आणि दरवर्षी मागच्या बाजूला अधिक भव्य होत चाललं आहे. नजर भेदक आहे, कारण चष्मा कुठल्या खिशात ठेवला ते त्याला आठवत नाही आणि डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नाही. चाल मात्र खरोखर वाखाणण्यासारखी. मामा आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत होता, पण त्याचं नाव झालं ते परीक्षेच्या हॉलमधला पर्यवेक्षक म्हणून. रबरी तळव्यांचे बूट घालून तो बाकांमधून असा सरकायचा, की पोरांना त्याची चाहूल लागायची ती थेट कानाला. आपण किती कॉप्या पकडल्या हे तो दर वेळी वेगळं सांगतो. आकडा कधी कमी होत नाही, एवढंच मी म्हणू शकते.

तो निवृत्त झाला आणि कॉप्या थांबल्या. संशय थांबला नाही. त्याचीच पुढे पाटी झाली.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. मी मामाची सहायक आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये 'म्हणून' येत नाही, 'तूर्तास' येतं.

दार वाजलं तेव्हा मामा खुर्चीत डोळे मिटून विचार करत होता. विचाराचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. मी दार उघडलं. आलेल्या माणसाच्या अंगावर पांढरा कोट होता, वरच्या खिशात लांब दांड्याचा इवलासा आरसा होता, आणि त्याने सगळ्यात आधी माझ्या दातांकडे पाहिलं.

"न्हावी," मांजरपावलांनी मागे येऊन मामा माझ्या कानात म्हणाला. "आरसा बघितलास?"

"मी दातांचा डॉक्टर," पाहुणा म्हणाला.

"हत्यारं दोघांचीही धारदारच," मामा माझ्याकडे वळून म्हणाला. "फार चुकलो नाही. बसा डॉक्टर. खून की चोरी?"

"दोन्ही नाही." डॉक्टरांनी रुमालाने कपाळ पुसलं. "सम्राट बुटके झालेत."

हकिगत अशी होती. डॉक्टर आणि त्यांचा एक मित्र, दोघं पहिलीपासून एका बाकावर. वर्गात यांना दात्या म्हणत, कारण पुढचे दोन दात ओठांच्या आधी वर्गात शिरायचे. मित्राला चष्म्या म्हणत, कारण त्याला चष्मा होता. पुढे दात्या दातांचा डॉक्टर झाला आणि चष्म्याने त्याच इमारतीत खाली चष्म्यांचं दुकान काढलं. टोपणनावं माणसाचं काय करतात याचा कुणीतरी रीतसर अभ्यास करायला हवा.

त्यांच्या लहानपणी दर आठवड्याला एक कार्टून लागायचं. त्यात एक नायक होता. तो अवकाशात उडायचा, कंबरेवर हात ठेवायचा आणि चांगुलपणाबद्दल दोन वाक्यं बोलायचा. त्याचा काटा काढायला दर आठवड्याला नवा खलनायक यायचा. या खलनायकांच्या वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या फिगर तेव्हा बाजारात आल्या होत्या. कार्टून बंद पडलं, कारखाना बंद पडला, फिगर इकडे-तिकडे पांगल्या. त्या सगळ्याच्या सगळ्या, सत्तावीस, दोघांनी मिळून गोळा केल्या. भंगारवाल्यांकडून, अनोळखी लोकांच्या माळ्यांवरून, आणि एक तर एका कुत्र्याच्या तोंडातून.

"आणि नायक?" मी विचारलं.

"नायक कशाला?" डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. "नायक ढिगाने मिळतो. आणि करतो काय तो? उभा राहतो. आमची राणी वाळवी बघा, तिचे सहाही पाय वेगवेगळे हलतात. कर्नल गंजला खरा गंज आहे. कारखान्यातून लावून आलेला, नंतरचा नव्हे."

"या बाहुल्या कुठे आहेत?" मामाने विचारलं.

"फिगर," डॉक्टर म्हणाले.

बाहुल्या, म्हणजे फिगर, दवाखान्यात होत्या. काचेच्या कपाटात, तीन फळ्यांवर, प्रत्येकीवर नऊ. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली डॉक्टरांकडे, एक चष्मेवाल्यांकडे. दोघांनी एकदम किल्ल्या फिरवल्या तरच दार उघडायचं.

"आणि उघडता कधी?" मी विचारलं.

"कधीच नाही. हाताचा घाम लागला की जुनं प्लास्टिक खराब होतं. जमवलेली वस्तू हाताळायची नसते, हा आमचा पहिला नियम."

"मग दोन कुलपं कशाला?"

"न उघडण्यासाठी," डॉक्टर म्हणाले. "एका कुलपाने मोह आवरत नाही."

प्रत्येक फिगरच्या मागे, कपाटाच्या पाठीवर, बरोबर डोक्याला टेकेल अशी तिच्या नावाची पितळी पाटी. मधल्या फळीच्या मधोमध सत्तावीसांतले चौदावे, सगळ्या खलनायकांचे बाप, सम्राट शून्यनाथ. डोक्यावर एक शिंग.

"शिंगाचं टोक पाटीच्या खालच्या कडेला टेकलेलं होतं," डॉक्टर म्हणाले. "टेकलेलं! मी माझ्या हाताने पाटी लावलीय. आता मध्ये फट आहे. सात मिलिमीटर. म्हणजे आतला सम्राट तो सम्राटच नाही. कुणीतरी खरा काढून नक्कल ठेवलीय."

"कॉपी," मामा म्हणाला. अगदी हळू म्हणाला. जुन्या प्रेमाचं नाव बऱ्याच वर्षांनी घ्यावं तसं.

"दुसरी किल्ली चष्म्याकडे आहे. माझी किल्ली दवाखान्यात टांगलेली असते. तो रोज चहाला वर येतो."

"काय म्हणतो तो?"

"तो म्हणतो मीच बदलला. त्याची किल्ली गल्ल्यात असते आणि मी रोज चहाला खाली जातो."

मी म्हटलं, "मग दोघांनी एकदा किल्ल्या फिरवा आणि सरळ मोजा की."

"त्याने कबूल केल्याशिवाय मी किल्ली फिरवणार नाही."

"आणि ते?"

"मी कबूल केल्याशिवाय तो फिरवणार नाही." डॉक्टरांनी आरसा खिशातून काढला, पुसला, परत ठेवला. "शनिवारी वाटणी आहे. सुतार बोलावून कपाटाची मागची बाजू काढायची. एक ते तेरा त्याला, पंधरा ते सत्तावीस मला. मग तो खाली, मी वर. चहा बंद झालाच आहे."

"आणि चौदावे?"

"खोटा सम्राट कुणाला हवाय?" डॉक्टर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मी पाहिलं.

मामा उठला. "डॉक्टर, निश्चिंत राहा. शनिवारच्या आत तुमचा सम्राट आणि तुमचा चोर, दोघंही उभे करतो. पुराव्याला कुणी हात लावू नका. हात लागला की पुरावा घाबरतो."

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा खुर्ची पूर्ण मागे झुकवलेली होती आणि तिच्यात एक गृहस्थ आडवे होते. तोंड उघडं, गालात कापसाचे बोळे, ओठावर लाळ ओढणारी नळी, तोंडावर मोठा दिवा. खुर्चीच्या पायाकडच्या भिंतीला ते काचेचं कपाट. पेशंटचं मन रमावं म्हणून डॉक्टरांनी ते मुद्दाम तिथे ठेवलं होतं.

"हे वकीलसाहेब," डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले. "यांचं रूट कॅनल चालू आहे. बोलू शकत नाहीत."

"वकील, आणि बोलू शकत नाही," मामा मला म्हणाला. "नोंद कर. संशयास्पद."

वकीलसाहेबांनी घशातून आवाज काढला आणि उजवा हात वर केला.

"हात खाली. बोलू नका," डॉक्टर म्हणाले, आणि यंत्र सुरू केलं.

मी कपाटापाशी गेले. सम्राट शून्यनाथ जांभळे होते, झगा काळा होता, चेहऱ्यावर शेजाऱ्याचा पेपर दिसल्यासारखा आनंद होता. पायाखाली एक पांढरा दगडी डोंगर. मधल्या फळीवरच्या नऊही जणांना असे डोंगर होते, सम्राटांचा सर्वात मोठा.

"सिंहासनं," डॉक्टर यंत्राच्या आवाजावरून ओरडले. "दातांचे साचे करतो ना आम्ही, त्या प्लास्टरची. स्वतः ओतलीत. मधली फळी मानाची आहे!"

मी काचेला बाहेरून पट्टी लावली. पट्टी आणि पाटी यांच्यात अंतर असल्यामुळे येणारी चूक प्रत्येक वेळी डोळा त्याच उंचीवर धरून आणि हिशेब करून काढून टाकली. सम्राटांची फट सात मिलिमीटर भरली. पण मला सवय आहे, मी एकाच मापावर थांबत नाही. शेजारची राणी वाळवी मोजली: साडेसहा. पलीकडचे खलनायक डॉक्टर कर्कश: साडेसहा. मग सहा, सहा. मग चार, चार. कडेचे दोघं: दोन, दोन. वरच्या आणि खालच्या फळीवर सगळीकडे शून्य.

म्हणजे एक सम्राटच नव्हे, मधल्या फळीवरचे नऊच्या नऊ खलनायक बुटके झाले होते. मधले जास्त, कडेचे कमी. सम्राटांपलीकडे कुणी बघितलंच नव्हतं. मोठ्या माणसाशेजारी उभं राहिलं की हे असं होतं.

मी आलेख काढला. सुबक, दोन्ही बाजूंनी सारखा, मध्ये खोल. ही वक्ररेषा आपण कुठेतरी पाहिली आहे असं मला सारखं वाटत होतं.

"हं," मामा आलेख उलटा धरून म्हणाला.

"मामा, मला वाटतं यात माणसाचा हात नाही," मी म्हटलं. "जुनं प्लास्टिक उष्णतेने आक्रसतं. डॉक्टरांचा मोठा दिवा बघ. पेशंटच्या तोंडावरून उरलेला उजेड बरोबर मधल्या फळीच्या मध्यावर पडतोय. मध्ये उष्णता जास्त, कडेला कमी. आलेखाशी जुळतं."

खुर्चीतून जोराचा आवाज आला. वकीलसाहेबांनी डोकं नकारार्थी हलवायचा प्रयत्न केला असावा.

"डोकं हलवू नका!" डॉक्टर ओरडले.

"तुझ्या विज्ञानात गुन्हेगारच नसतो," मामा मला म्हणाला. "म्हणून ते वाचवत नाही. चल, आरोपीला भेटू."

चष्मेवाले दुकानात एका काडीचा स्क्रू पिळत होते. मामाला पाहून ते उभे राहिले.

"दात्याने पाठवलंय ना? सांगा त्याला, नक्कल ठेवणारा मी असतो तर सात मिलिमीटर चुकलो नसतो. माझा धंदा बारीक मापाचा आहे. दात्याचा धंदा काय? खड्डा दिसला की बुजवा."

"बाह्या वर करा," मामा म्हणाला.

"काय?"

"बाह्या. आणि बुटांचे तळवे दाखवा. आणि तळहात."

चष्मेवाल्यांनी आश्चर्याने तळहात पुढे केले. मामाने डोळे बारीक केले आणि त्याच्या तोंडून हुंकार निघाला. उजव्या तळहातावर बॉलपेनने लिहिलं होतं: 'उणे दोन, उणे सव्वादोन.'

"भाचे, वाच! उणे! उंचीतून काय काय उणे करायचं, हातावर लिहून आणलंय!"

"तो सकाळच्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर आहे," चष्मेवाले म्हणाले. "कागद सापडला नाही."

"सगळे हेच म्हणतात. 'सर, तो माझ्या काकांचा फोन नंबर आहे.' आणि खाली नद्यांची नावं."

चष्मेवाल्यांनी मामाकडे नीट पाहिलं. मग काउंटरवरून एक भिंग पुढे सरकवलं. "तुम्ही शेवटचे डोळे कधी तपासलेत?"

"तपासणी मी करतोय," मामा म्हणाला. तरी त्याने भिंगातून एकदा पाहून घेतलं आणि जरा दचकला. समोर चष्मेवाल्यांना मिशी होती हे त्याला तेव्हा कळलं.

मी विचारलं, "शनिवारी खरंच वाटणी करणार?"

चष्मेवाल्यांनी स्क्रू बोटांत फिरवला. "सम्राटांचा आवाज मी काढायचो," ते म्हणाले. "शाळेत, मधल्या सुट्टीत. प्रत्येक भागाच्या शेवटी तो हरायचा आणि ओरडायचा. दात्या म्हणायचा, म्हण की, आणि मी म्हणायचो. तिसरीत माझी फिगर हरवली तेव्हा त्याने स्वतःची माझ्या दप्तरात टाकली आणि वर मलाच म्हणाला, नीट बघत जा ना. त्या माणसाला मी फसवीन?" मग त्यांना आठवलं की ते चिडलेले आहेत. "आणि तो मला चोर म्हणतो. जाऊ दे. तेरा तर तेरा."

जिना चढताना मामा एकाएकी थांबला. मी त्याच्या पाठीवर आपटले.

"उकललं," तो म्हणाला. "आलेख बाहेर काढ."

मी काढला.

"मध्ये कोण? सम्राट. मध्ये सात. शेजाऱ्यांचे साडेसहा. मग सहा, चार, दोन. आयुष्यभर मी हे पाहत आलोय! हुशार मुलगा मधल्या बाकावर बसतो. शेजारचे दोघं जवळपास सगळं उतरवतात. त्यापलीकडच्यांना अर्धंमुर्धं दिसतं. कडेच्याला जेमतेम दोन मार्कांचं. ही सामुदायिक कॉपी आहे!"

"मामा, त्या फिगर आहेत."

"तेच तर. एक बदलली असती तर चोर एकटा असता. नऊ बदलल्यात. ही टोळी आहे. आणि टोळीला निरोप्या लागतो. रोज येणारा, खोलीत तासन्‌तास पडून राहणारा, कपाटावर नजर ठेवणारा, आणि पकडला गेला तर एक शब्द न बोलणारा."

त्याने दवाखान्याचं दार असं उघडलं, की बाहेर गाल धरून बसलेल्या आजींनी दुसराही गाल धरला.

वकीलसाहेब तसेच आडवे होते. डॉक्टर दातात औषध भरत होते.

"वकीलसाहेब," मामा खुर्चीजवळ जाऊन म्हणाला, "आजवर तुम्ही साक्षीदारांना म्हणत आलात, फक्त हो किंवा नाही सांगा. आज तुमची पाळी. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. गुन्हेगार कोण ते तुम्हाला माहीत आहे?"

वकीलसाहेबांनी ताबडतोब एक बोट वर केलं.

डॉक्टरांच्या हातातलं औषध ओठावर सांडलं.

"तो या खोलीत आहे?"

एक बोट. मग ते बोट कपाटाकडे वळलं आणि हवेत टोचू लागलं.

"एकच बोट, पण तीनदा. म्हणजे त्रिवार हो," मामाने मला सांगितलं. "त्याची काही खूण?"

वकीलसाहेबांनी हवेत बोटाने एक रेघ काढली. डावीकडून सुरू होऊन खाली वाकली आणि उजवीकडे परत वर गेली. त्यांनी ती पुन्हा काढली. आणखी एकदा काढली, मोठी.

"हसू!" मामा गरजला. "हसणारं तोंड! आणि हसणाऱ्या तोंडांवर पोट कुणाचं? डॉक्टर, तुमचं!"

"माझं?" डॉक्टर म्हणाले. "अहो, तुम्हाला मीच बोलावलंय!"

"हुशार गुन्हेगार पर्यवेक्षकाला स्वतःच हाक मारतो. 'सर, याने माझं बघितलं.' असले शंभर पाहिलेत."

"मी म्हणतच होतो!" दारातून आवाज आला. चष्मेवाले जिना चढून आले होते. "दात्या, निदान आता तरी कबूल कर!"

"मी काय कबूल करू? माझ्या कपाटातला सम्राट..."

"आपल्या कपाटातला!"

"शनिवारपर्यंत आपल्या!"

हे डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरांनी आरसा काढून पुसला. लाळ ओढणारी नळी तेवढी सुरसुरत होती.

मग वकीलसाहेबांनी स्वतःच ती नळी उपटली. कापसाचे बोळे एकेक करून बाहेर काढले आणि ट्रेमध्ये ओळीने मांडले. पेल्यातल्या पाण्याने चूळ भरली, बेसिनमध्ये थुंकले आणि अर्ध्या बधिर तोंडाने, पण भरल्या कोर्टातल्या आवाजात म्हणाले,

"फळी वाकलीय."

सगळ्यांनी सम्राटांकडे पाहिलं.

"फळी!" वकीलसाहेब म्हणाले. "लाकडाची! मध्ये वाकलीय! तुमचा सम्राट आहे तेवढाच आहे, खालची जमीन खचलीय त्याच्या! या दाताच्या पहिल्या भेटीपासून सांगायचा प्रयत्न करतोय मी. दर वेळी, 'बोलू नका, हात खाली.' दर वेळी!"

"बोललं की यंत्र लागतं ना जिभेला," डॉक्टर पुटपुटले.

"आम्हालाही ठाऊक आहे ते," बाहेरून आजी म्हणाल्या. त्या आता दारात आल्या होत्या. "या खुर्चीत पडलेल्या सगळ्यांनाच ठाऊक असेल. दुसरं बघायला आहे काय तिथून? मला वाटलं, तशीच करून घेतलीय. हल्ली काय काय फॅशन असते."

मी वकीलसाहेबांना उठवलं आणि खुर्चीत आडवी झाले. माझे डोळे बरोबर मधल्या फळीच्या रेषेत आले. काचेच्या दारावर त्या उंचीला एक सरळ पितळी पट्टी होती. दोन्ही टोकांना फळी पट्टीमागे लपत होती. मध्ये ती पट्टीच्या खाली उतरली होती. उभं राहून हे दिसणं शक्य नव्हतं, आणि डॉक्टर, चष्मेवाले, मामा आणि मी, आम्ही सगळे उभे होतो.

ती वक्ररेषा कुठे पाहिली होती तेही मला आडवं पडल्यावर आठवलं. पदवीच्या दुसऱ्या वर्षी, प्रयोगशाळेत. दोन टोकांवर टेकवलेल्या पट्टीवर वजनं ठेवायची आणि ती किती वाकते ते मोजायचं. मला वीसपैकी एकोणीस गुण होते.

"पण फळी वाकेल कशी?" डॉक्टर म्हणाले. "फिगरना वजन असतं का कुठे?"

"फिगरना नसतं," चष्मेवाले म्हणाले. "तुझ्या त्या डोंगरांना असतं."

"सिंहासनं."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, दात्या, लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी आहे, एवढं प्लास्टर नको. तू म्हणालास, सम्राट जमिनीवर उभा राहील का?"

"उभा राहील का पण?"

"नाही," चष्मेवाल्यांनी जरा विचार करून मान्य केलं. "शोभलं नसतं ते."

"तरी मी पहिल्यापासून सांगत होतो," मामा म्हणाला, "गुन्हेगार या खोलीतच आहे. फळी खोलीतच होती. शिवाय एकटीने केलं नाही हेही खरं, नऊ साथीदार होते. भाचे, लिहून घे." मग तो वकीलसाहेबांकडे वळला. "तुमची साक्ष उपयोगी पडली. जरा स्पष्ट दिली असतीत तर वेळ वाचला असता."

वकीलसाहेबांना यावर बरंच बोलायचं होतं, पण मघाशी ओठावर सांडलेल्या औषधाने तोंडाची उरलेली अर्धी बाजूही आता बधिर होत आली होती.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून किल्ली काढली. चष्मेवाल्यांनी खिशातून काढली. गल्ल्यातून ती बरोबर घेऊन ते वर आले होते. भांडायला येणारा माणूस किल्ली का आणतो हे मी विचारलं नाही.

"फिरव," डॉक्टर म्हणाले.

"तू आधी."

"एकदम फिरवायचा नियम आहे."

"मग मोज ना."

"एक, दोन..."

कुलपं उघडली. कपाटातून जुन्या प्लास्टिकचा वास आला. दोघंही तो घेत नुसते उभे राहिले. मग डॉक्टरांनी हातमोजे काढून टाकले आणि उघड्या हातांनी सम्राट शून्यनाथांना सिंहासनावरून उचललं. पहिला नियम मोडल्याचं कुणी बोलून दाखवलं नाही. त्यांनी सम्राटांचा उजवा हात वर केला. खांद्यातून टक् असा आवाज आला. हात वरच राहिला.

"अजून राहतो," डॉक्टर म्हणाले.

"बघू," चष्मेवाले म्हणाले.

सम्राट या हातातून त्या हातात गेले.

"म्हण की," डॉक्टर म्हणाले.

"हट्. या वयात?"

"म्हण की रे."

चष्मेवाल्यांनी दाराकडे पाहिलं. आजी होत्या, वकील होते, मामा होता, मी होते. त्यांनी घसा खाकरला, सम्राटांना दिव्यासमोर उंच धरलं आणि अशा काही भसाड्या, पाताळातून आलेल्या आवाजात ओरडले, की आजींनी तिसऱ्यांदा गाल धरला:

"आज हरलो रे मूर्खांनो! उद्या पुन्हा येईन!"

"चहाला ये," डॉक्टर म्हणाले.

सुताराला शनिवारी यायचंच होतं. त्याला निरोप गेला की कपाटाची पाठ तशीच राहू दे, फळी जाड आण. दुपारी मामा चष्मेवाल्यांच्या दुकानात गेला तो डोळे तपासून, नवा चष्मा लावूनच आला. घरी आल्यावर त्याने पाटीपाशी उभं राहून सगळ्या नऊ ओळी पहिल्यांदाच नीट वाचल्या आणि मामीला विचारलं, बेल कधीपासून बंद आहे?

पण त्याआधी, कपाट उघडं असतानाच, मी एक काम करून घेतलं. सम्राटांचं मूळ खोकं डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये होतं. त्याच्या बाजूवर कारखान्याने छापलेली उंची: एकशे बावन्न मिलिमीटर.

आम्ही सम्राटांना ट्रेमध्ये कापसाच्या बोळ्यांशेजारी आडवं केलं आणि टाचेपासून शिंगापर्यंत पोलादी पट्टीने मोजलं. पट्टीचं शून्याकडचं टोक डॉक्टरांनी धरलं होतं, दुसरं चष्मेवाल्यांनी. माप तीनदा घेतलं. एकशे बावन्न, एकशे बावन्न, एकशे बावन्न.